वर लिहिलेलं चुकीचं होतं

१२ जून

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र सुरू करताना सगळं कुशल असल्याचं कळवायची रीत आहे, म्हणून कळवते. इकडे बहुतेक सगळं कुशल आहे. तुझ्याकडेही असावं. दुकान कसं चाललंय? तुझ्या कटिंगवाल्याने पुन्हा डावी बाही उजवीकडे लावली का?

मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडली आहेस, असा निरोप आमच्या यजमानांनी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, दिला. फोनचं जरा बिनसलंय. पत्र टाइप करून पाठवतेय, कारण माझं अक्षर बघून तू हसशील.

मी पुन्हा कामाला लागले आहे. तू नेहमी विचारतेस, कॉम्प्युटरमध्ये तू नेमकं करतेस काय? या वेळी नीट सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यात खाली एक प्रोग्राम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. बाकीचे सगळे त्याच्या जिवावर उड्या मारतात. ठिकठिकाणचे लोक मिळून तो लिहितात. त्यातला एक भाग माझ्याकडे आहे. लॅपटॉपचं झाकण मिटलं की मशीनला झोपवायचं, आणि उघडलं की उठवायचं. ऐकायला एवढंसं वाटतं. पण लहानपणी तू मला शाळेसाठी उठवायचीस, ते आठव. तितकंच अवघड आहे.

तर या प्रोग्रामच्या, म्हणजे कोडच्या, ओळींमध्ये माणसांसाठी टिपा लिहिलेल्या असतात. त्यांना कॉमेंट म्हणतात. मशीन त्या वाचत नाही, माणूस वाचतो. तू कापडावर खडूने खुणा करतेस ना, तशा. आता होतं असं, की लोक कोड बदलतात आणि खुणा पुसायला विसरतात. शिवण एकीकडे, खूण भलतीकडे. पुढचा माणूस खुणेवर विश्वास ठेवतो आणि कात्री चालवतो. माझ्या भागात अशा शिळ्या कॉमेंट खोऱ्याने आहेत. त्या मी दुरुस्त करायला घेतल्या आहेत.

हे नवशिक्यांचं काम आहे, मला माहीत आहे. एवढी वर्षं घालवून मी पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसले आहे. असू दे.

काळजीची एकच गोष्ट आहे. कुठला भाग कोण सांभाळतं, हे आमच्याकडे लिहून ठेवलेलं असतं. सांभाळणारा फार दिवस गप्प राहिला तर त्याचं नाव काढतात आणि त्या भागापुढे ‘अनाथ’ असं लिहितात. खरंच, हाच शब्द. मी मध्यंतरी गप्प होते. आमच्या वरचा एक माणूस आहे, प्रत्येक बदल त्याच्या हाताखालून जातो. मी त्याला फौजदार म्हणते. त्याची मेल आली: ‘आहात का? नसाल तर पुढची आवृत्ती निघताना अनाथ लिहितो.’ मी उत्तरादाखल पहिली दुरुस्तीच पाठवून दिली. माझा भाग मी अनाथ होऊ देणार नाही. गप्प होते ते कामाच्या गडबडीत, एवढंच.

तू दुकान सोडून येऊ नकोस. मी मजेत आहे.

तुझी धाकटी


३ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, समन्सच ते! ‘मी मजेत आहे’ हे माझं वाक्य तू खाली लाल रेघ मारून मला परत पाठवलंस. वर लिहितेस, ‘जन्मात तू इतकी छोटी वाक्यं लिहिली नाहीस. तुझं एक वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवायचा.’ शिवाय दवाखान्यात फोन केलास, डॉक्टर म्हणाले ‘ती सध्या बोलत नाही’, आणि तुझा समज झाला की आमचा अबोला चालू आहे. मग तू त्यांना फैलावर घेतलंस, संसारात बायकोशी कसं वागावं हे सांगितलंस, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी ते सगळं मुकाट ऐकून घेतलं. संध्याकाळी तोंड पाडून मला म्हणाले, ‘तुझ्या ताईंशी खोटं बोलायचं कबूल केलं होतं गं, पण मला नाही जमलं.’

तर सांगते. आधी बस. बसलीस?

मार्चमध्ये मला झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. सकाळी दात घासत होते, ब्रश हातातून पडला, डॉक्टरांना हाक मारायला तोंड उघडलं तर भलतंच काहीतरी बाहेर आलं. हॉस्पिटल वेळेवर गाठलं, म्हणून निभावलं. मी चालते, जेवते, जिने चढते. उजवा हात थोडा आळशी झालाय, टाइप करण्याचं कारण ते. बाकी गेलं ते एकच. शब्द.

आईला झालं होतं तेच. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि या खेपेला दोष शब्दांचा नव्हता. तू आईला तुझ्या घरी ठेवलंस. दुपारचं दुकान बंद ठेवून तिला भरवलंस, कूस बदललीस, केस विंचरलेस, आणि ती शेवटपर्यंत धड बोलली नाही. तुला पुन्हा त्या खोलीत न्यायची माझी छाती होईना. फोन उचलला असता तर पहिल्या वाक्यालाच तुझ्या लक्षात आलं असतं. म्हणून उचलला नाही. मागचं ते पत्र लिहायला मला आख्खा आठवडा लागला, आणि डॉक्टरांनी ते तपासून दिलं. त्यांच्या हातचं म्हणून ते इतकं सरळ होतं. हे पत्र मात्र माझं मीच, रोज थोडं थोडं करून लिहितेय.

पण ऐक. मला आईपेक्षा कमी लागलंय. मला सगळं कळतं. कोड तर अगदी पूर्वीसारखा वाचता येतो. कंगवा दिसतो, त्याने काय करतात हे माहीत असतं, आणि तोंडातून निघतं ‘चमचा’. आतलं काम बरोबर चालू आहे, वर लिहिलेलं चुकीचं आहे.

एक स्पीच थेरपिस्ट घरी येते. मी तिला चित्रवाली म्हणते, कारण ती कार्डांवरची चित्रं दाखवून नावं विचारते. केळं, छत्री, कंगवा. पहिल्याच आठवड्यात मी ती कार्डं भिरकावून दिली. हात आळशी असला तरी भिरकावणं छान जमलं. तिने ती शांतपणे गोळा केली आणि विचारलं, ‘बरं, मग तुम्हाला कशाचं नाव घ्यायचंय?’ मी लॅपटॉप उघडून तिच्यापुढे सरकवला.

तिथून हे कॉमेंटचं खूळ सुरू झालं. पद्धत माझी मीच बसवली. जुनी कॉमेंट वाचायचीच नाही. वाचली की तिचे चुकीचे शब्द माझ्या डोक्यात ठाण मांडतात, आणि मग उठता उठत नाहीत. म्हणून पडद्यावर तेवढ्या जागी कागदाचा तुकडा चिकटवायचा. खालचा कोड वाचायचा. ओळीवर बोट ठेवून मोठ्याने सांगायचं: हे आधी काय करतं, मग काय करतं. चित्रवालीला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण वाक्य अर्धवट सुटलं की तिला बरोबर कळतं. ‘आणि? उठवतं कोणाला?’ असं ती विचारत राहते. तिचं समाधान झालं की मग लिहायचं. कागद काढून जुनी कॉमेंट बघायची ती त्यानंतर.

हे शहाणपण मात्र मला उशिरा सुचलं. फौजदाराला उत्तरादाखल पाठवलेली ती पहिली दुरुस्ती परत आली. मी लिहिलं होतं, ‘हे मशीनला झोपवण्याआधी करावे.’ करायचं होतं उठवण्याआधी. मला लिहिताना, वाचताना, पाठवताना ते बरोबरच दिसत होतं. या आजाराची मेखच ती आहे. फौजदाराचं उत्तर एका ओळीचं: ‘जुनी कॉमेंट शिळी होती. तुमची ताजी आहे, पण चुकीची.’

मी भोकाड पसरून रडले. आमचे डॉक्टर शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘माझे सगळेच पेशंट न बोलणारे. आणि रागावले की चावतात. तू त्यामानाने फारच बरी आहेस.’ मग मला रडताना हसू आलं आणि ठसका लागला.

फौजदाराला माझ्या आजाराचं काही ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही. मला सवलत नकोय, मला माझा भाग हवाय. शब्द परत आले तर तो राहील. नाही आले तर तो अनाथ होईल, आणि त्याच्याबरोबर मीही. पणाला लागलंय ते एवढंच, ताई, आणि आता ते तुलाही माहीत आहे.

येतेस तर ये. पण मला भरवायला येऊ नकोस.

तुझी, खोटं बोलताना पकडली गेलेली,
धाकटी


८ सप्टेंबर

ताई!

राहिला! माझा भाग राहिला! नमस्कार-चमत्कार या पत्रात कुठेतरी आहेत असं समज, मला आत्ता तेवढा दम नाही. आणि हे पत्र हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला आणि मांजराचे कुत्र्याला. जनावरांच्या डॉक्टरांच्या घरात ते शोभून दिसतं.

क्रमाने सांगते, नाहीतर तू ओरडशील. जुलैत तू येऊन गेलीस, दिलेला शब्द पाळलास, एकदाही भरवलं नाहीस, उलट मला कांदे चिरायला बसवलंस. तू गेलीस त्याच आठवड्यात मी सगळ्यात अवघड कॉमेंटला हात घातला. कुलपाच्या.

आमच्या कोडमध्ये कुलूप म्हणजे, एका वेळी एकानेच आत जावं अशी सोय. संडासाच्या कडीसारखी. माझ्या भागात मशीनला उठवायचा जो कोड आहे, त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘बोलावणाऱ्याने आधी कुलूप लावावे.’ कधीकाळी ते खरं होतं. पुढे कोणीतरी कोड सुधारला, आणि आता तो कोड आत शिरल्यावर स्वतःच कुलूप लावतो. कॉमेंट मात्र तशीच राहिली. म्हणजे जो भला माणूस कॉमेंट मानतो, तो कुलूप लावून आत जातो आणि तेच कुलूप उघडायची वाट बघत दाराशी उभा राहतो. जन्मभर. मशीन काही उठत नाही.

आणि हे नुसतं वहीतलं गणित नव्हतं. लॅपटॉप बनवणाऱ्या एका कंपनीची तक्रार बरेच महिने लोंबकळत होती. बॅटरी उतरत आली असताना झोपलेलं मशीन झाकण उघडलं तरी उठत नाही, पडदा काळाच. चांगल्या चांगल्या लोकांनी त्यावर डोकी फोडून घेतली होती. मी त्यांचा कोड काढून बघितला. ताई, त्यांनी कॉमेंट वाचली होती आणि इमानेइतबारे पाळली होती!

मी ती नव्याने लिहिली. बोट ठेवून, मोठ्याने म्हणून, चित्रवालीच्या ‘कोण लावतं? कधी लावतं? बाकीच्यांनी काय करायचं?’ला उत्तरं देऊन. ‘हा कोड कुलूप स्वतः लावतो. आधी लावू नये.’ एवढ्याला आमची आख्खी सकाळ गेली. तिच्याबरोबर माझ्या भागातल्या बाकीच्याही सगळ्या शिळ्या कॉमेंट दुरुस्त करून पाठवल्या. फौजदाराने दोनदा परत केल्या, एकदा स्वल्पविरामावरून. मी दोनदा पुन्हा पाठवल्या.

तेवढ्यात त्याच कंपनीच्या एका बड्या इंजिनिअरने सगळ्यांना मेल टाकली. कोडची एकही ओळ बदललेली नाही, मग हा पसारा कशासाठी? आणि हा भाग कोणी सांभाळतंय तरी का? फौजदाराने त्याला दोनच शब्द लिहिले, ‘बैठकीत बोलू.’ बैठक म्हणजे व्हिडिओवर. पडद्यावर सगळ्यांचे चेहरे, आणि बोलायचं तोंडाने.

डॉक्टर म्हणाले, ‘लेखी चालेल का, विचारून बघ.’ मी म्हटलं, नाही. हा शब्द मला आता झकास येतो.

तू शिवून दिलेला निळा शर्ट घालून, दार लावून बसले. सुरुवात बरी झाली. झोपणं आणि उठणं दोन्ही आपापल्या जागी पडलं. मग मुख्य शब्दाची पाळी आली, आणि तो आलाच नाही. कडी-कोयंडा डोळ्यांपुढे दिसतोय, हात हवेत किल्ली फिरवतोय. सगळे चेहरे माझ्याकडे बघतायत. बड्या इंजिनिअरने मदत म्हणून पुढे केलं, ‘घड्याळ? घड्याळ म्हणायचंय का तुम्हाला?’

फौजदाराचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. जाड, झोपेतून उठल्यासारखा आवाज आहे त्याचा. तो म्हणाला, ‘तुम्ही गप्प बसा. त्या सांगतायत.’

आणि माणसं थांबली, ताई. सगळी. कोणी घसा खाकरला नाही, कोणी घाई केली नाही. मी डोळे मिटले आणि टेबलावर बोट ठेवलं, ओळीवर ठेवते तसं.

‘कुलूप,’ मी म्हणाले. ‘कुलूप आत लागतं. कॉमेंट सांगते, बाहेर लावा. तुम्ही बाहेर लावलंत. म्हणून तुमचं मशीन उठत नाही.’

मग मी बड्या इंजिनिअरच्याच कोडमधली ती ओळ त्याला वाचून दाखवली. वाचायला मला कोणाची मदत लागली नाही.

तो खाली वाकून खटखट टाइप करू लागला. बैठक दुसऱ्या विषयावर गेली, तिसऱ्यावर गेली, आणि मध्येच तो ओरडला, ‘उठलं! उठलं!’ त्याने तिथल्या तिथे कुलपाची ती जास्तीची ओळ काढून टाकली होती. बॅटरी उतरत आलेला एक लॅपटॉप कॅमेऱ्यासमोर धरून त्याने झाकण मिटलं, उघडलं, आणि पडदा लख्ख उजळला. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. पोरासारखा हसत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, स्वतःसाठीच, लाजबिज गुंडाळून ठेवून.

माझ्या सगळ्या दुरुस्त्या आत गेल्या. फौजदाराने त्याच दिवशी मेल केली: ‘हा भाग मी इतकी वर्षं पुढे पाठवतोय. आत काय चालतं ते आज समजलं.’ पुढची आवृत्ती काल निघाली. माझं नाव जिथे होतं तिथेच आहे. डॉक्टर दवाखान्यात येईल त्याला धरून सांगतायत. एका आजीबाईंचं मांजर तपासता तपासता त्यांना कर्नेल समजावून सांगितला म्हणे. आजीबाई म्हणाल्या, ‘मांजराला याने बरं वाटेल का?’

मी हवेत आहे. राहू दे थोडे दिवस.

आता एक शेवटची दुरुस्ती. ती तुझ्यासाठी आहे.

आमच्या कामात एक शिस्त आहे. प्रत्येक बदलाच्या तळाशी तो करणाऱ्याने आपलं नाव घालायचं. त्याचा अर्थ असा, की हे मी तपासलंय आणि याची जबाबदारी माझी. नाव नसेल तर फौजदार त्या बदलाला हातही लावत नाही. म्हणून हे नीट वाच.

तू इथे होतीस तेव्हा भांडी विसळता विसळता, सहज बोलल्यासारखं बोललीस, ‘दोन वर्षं आई मला एकच शब्द म्हणायची. जा. पाणी दिलं, जा. केस विंचरले, जा. माझ्याच हातून काही चुकलं असणार.’ मला उत्तर द्यायचं होतं. शब्द जुळेनात, आणि तू नळ बंद करून कांद्यांचा भाव काढलास. ही गोष्ट अर्धवट सांगण्यातली नव्हती. मध्ये अडखळले असते तर ‘कळलं गं, राहू दे’ म्हणून तू मला गप्प केलं असतंस. म्हणून तेव्हा सोडून दिलं. आज पूर्ण सांगते.

हॉस्पिटलात पहिले काही दिवस माझाही एकच शब्द होता. ‘नको.’ मला तहान लागली होती. आमच्या डॉक्टरांनी पाणी आणलं, मी म्हणाले, ‘नको.’ त्यांनी ग्लास बाजूला ठेवला. मी आणखी जोरात म्हणाले, ‘नको, नको.’ ताई, पाण्यावाचून माझा जीव चालला होता. माझाच शब्द माझ्या कानांना ऐकू येत होता, तो चुकीचा आहे हे कळत होतं, आणि दुसरा सापडत नव्हता. मग डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे लक्ष देणं सोडलं. गोठ्यातल्या गाईकडे बघतात तसं माझ्या अंगाकडे बघितलं. माझा हात त्यांची बाही ओढत होता, ग्लासाच्या दिशेने. त्यांनी मला पाणी पाजलं.

आई ‘जा’ म्हणायची तेव्हा तिचा हात कुठे असायचा, आठव. मी सुट्टीला आले की बघायचे. तुझ्या मनगटावर असायचा. इतका घट्ट, की तुला उठायचं झालं तर तिची बोटं एकेक करून सोडवावी लागायची, आणि सोडवलीस की ती पुन्हा पकडायची.

ती तुला ‘जा’ म्हणत नव्हती, ताई. ती म्हणत होती, बस.

हे मी तिथे जाऊन बघून आले आहे. हे मी तपासलं आहे आणि याची जबाबदारी माझी.

तुझी धाकटी